सिस्टर शिकवतात का?

दोन रिटायर्ड नर्सा एका सोफ्यावर बसल्या की घरातले बाकीचे लोक हळूहळू आतल्या खोलीत निघून जातात, असा माझा अनुभव आहे. कारण आमचे किस्से कुठूनही सुरू झाले तरी बेडपॅनपाशी येतातच, आणि एकदा आले की तिथून हलत नाहीत! हॉस्पिटलात रोज काहीतरी घडतं. त्या वेळी हसायला फुरसत नसते, म्हणून ते तसंच घडी घालून मनात ठेवलं जातं. मग चाळीस-पन्नास वर्षांनी कधीतरी कपाट उघडावं आणि सगळं भसाभस अंगावर पडावं, तसं होतं. मुलगा म्हणतो, "आई, समोरचे जेवत असताना तरी नको." आता जेवणं झाली आहेत, तेव्हा सांगते.

हे आमच्या शिकण्याच्या दिवसांतलं. चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आमचं छोटंसं हॉस्पिटल होतं. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि त्याचं केवढं अप्रूप! बाकी रस्त्यावर अधूनमधून एखादी मोटार आणि दोन्ही बाजूंना ज्वारी-बाजरी. त्या हॉस्पिटलने नर्सिंगचा वर्ग काढला. पहिल्या तुकडीत आम्ही आठ मुली. मी सुमन, चाकणच्या मास्तरांची मुलगी.

वर्गाला परवानगी मिळाली होती ती तात्पुरती. वर्षाच्या अखेरीला मुंबईहून एक बाई तपासणीला येणार होत्या. त्यांना इमारत बघायची नव्हती, खाटा मोजायच्या नव्हत्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. वॉर्डातल्या सिस्टर या मुलींना खरंच शिकवतात, की नुसत्या राबवून घेतात? उत्तर 'राबवून घेतात' असं निघालं, तर वर्ग बंद आणि आम्ही आठही जणी घरी.

घरी जायची भीती सगळ्यांनाच होती, पण इंदूइतकी कुणालाच नाही. इंदू रहाटणीची, चांगल्या बागायतदाराची मुलगी. तिच्या वडिलांनी आपल्या बहिणीला, म्हणजे इंदूच्या आत्याला, शब्द दिला होता की शाळा चालेल तोवर पोरगी शिकेल, शाळा बंद पडली की तुझी सून. आत्या तळवड्याची. आज तळवड्यात कॉम्प्युटरवाल्यांच्या काचेच्या इमारती आहेत म्हणतात, तेव्हा आत्याचा मळा होता. मुलगा तसा वाईट नव्हता हो. पण इंदूला नर्स व्हायचं होतं आणि आत्याला सुनेची घाई होती. आत्या दर रविवारी भेटीच्या वेळेला यायची, भाकरी-पिठल्याचं गाठोडं सोडायची आणि इंदूची तब्येतही न विचारता म्हणायची, "पडली का गं बंद तुजी शाळा?"

*

थोरात सिस्टरांकडे पुरुषांचा वॉर्ड होता. उंच बाई, बोलणं औषधासारखं मोजून. त्यांच्या वॉर्डात नव्या मुलीचा पहिला दिवस ठरलेला असे. कामाला नाही लावायचं, खाटेवर झोपवायचं!

वॉर्डाला लागून एक खोली होती, तिथे दिवसभर पेशंट होऊन पडून राहायचं. दुसऱ्या मुलीने तोंड धुवायचं, तिनेच अंग पुसायचं, तिनेच भरवायचं. आपण हातसुद्धा उचलायचा नाही. तहान लागली तर पाणी मागायचं आणि येईपर्यंत छताकडे बघायचं.

माझ्या पाळीला इंदू नर्स होती. तिने मला पेज भरवली, त्यातली निम्मी मला आणि निम्मी माझ्या मानेला. कूस बदलायला सांगितलं तर तिने मला पोतं लोटावं तसं लोटलं, मी भिंतीला जाऊन चिकटले. संध्याकाळी सिस्टर आल्या. मला वाटलं, आता इंदूला झापणार. पण त्यांनी मलाच विचारलं, "पाणी मागितल्यावर यायला किती वेळ लागला असं वाटलं?" मी म्हटलं, खूप वेळ. "घड्याळात फार नव्हता लागला," म्हणाल्या आणि गेल्या. याला शिकवणं म्हणायचं की काय म्हणायचं, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. पण पुढे नोकरीच्या साऱ्या वर्षांत कुणी 'सिस्टर, पाणी' म्हटलं की माझे पाय आपोआप उचलले जायचे.

इंदूची पाळी नेमकी रविवारी आली, आणि आम्ही सगळ्याच आत्याला विसरलो.

आत्या गाठोडं घेऊन दारात आली. बघते तर काय, इंदू पांढऱ्याशुभ्र चादरीत पडलेली, मी तिचे पाय कोमट पाण्याने धुते आहे आणि दुसरी एक मुलगी तिला चमच्याने मोसंब्याचा रस पाजते आहे. पेशंटने मागण्यापलीकडे बोलायचं नाही, म्हणून इंदू नुसती डोळे फिरवत होती. मी घाईघाईने म्हटलं, "आत्या, ती आजारी नाही, शिकते आहे." आत्याने एकदा पाय धुणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, एकदा रसाच्या पेल्याकडे पाहिलं, गाठोडं तसंच उचललं आणि गेली.

पुढच्या आठवड्यात इंदूच्या वडिलांचा निरोप आला. आत्याने त्यांना सांगितलं होतं, "पोरीला आनायचं काय नाव काडू नगा एवढ्यात. तितं तिचे पाय धुवाया मास्तरची लेक ठेवलीय!"

*

बायकांचा वॉर्ड साने सिस्टरांकडे. बाई इतकी गोड की विचारू नका. आम्हाला 'बाळ' म्हणायच्या. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

त्या सुमारास सगळ्या सिस्टरांवरच्या मेट्रनबाईंच्या मनाने घेतलं की मुंबईच्या बाई येण्याआधी आपल्या सिस्टर आपणच तपासाव्यात. कोणती सिस्टर मुलींना कसं वागवते, हे बघायला त्या न सांगता कुठेही उगवू लागल्या. मेट्रनबाई रबरी तळाच्या चपला घालायच्या, त्यामुळे येताना कळायचंच नाही.

इंजेक्शनचा सराव तेव्हा मोसंब्यावर करायची पद्धत होती. साने सिस्टरांना मोसंबी टोचायला जीव झाला नाही, कारण ती पेशंटच्या तोंडची. मग माझ्या वडिलांनी चाकणहून कांद्याचं पोतं पाठवलं होतं ते त्यांना आठवलं. दोघी पुरुषांच्या वॉर्डात होत्या, म्हणून सहा मुली, सहा कांदे. आम्ही पिचकारीत पाणी भरून कांद्यात टोचलं. इथवर सगळं ठीक होतं. पण सुई नेमकी किती आत गेली हे बघायला हवं ना! म्हणून साने सिस्टरांनी सहाही कांदे आमच्या डोळ्यांसमोर उभे चिरले.

चाकणचा कांदा म्हणजे काय चीज आहे, हे मला माहीत होतं. बाकीच्यांना तेव्हा कळलं. दार लावलेलं, खोली लहान. सहाही जणी हमसून हमसून डोळे पुसताहेत, इंदू तर भिंतीला डोकं टेकून उभी. साने सिस्टरांच्या गालांवरून धारा लागलेल्या आणि हातात सुरी!

आणि दारात मेट्रन.

त्यांनी काही विचारलं नाही. दार हळूच ओढून घेतलं. तिथून त्या थेट पुरुषांच्या वॉर्डात गेल्या, तर तिथे थोरात सिस्टरांच्या दोन मुली आणि अर्धा वॉर्ड कशावर तरी पोट धरून हसत होता. संध्याकाळी मेट्रनने साने सिस्टरांना बोलावून घेतलं आणि फार हळुवार शब्दांत सांगितलं, की मुली लहान आहेत, घर सोडून आल्या आहेत, त्यांना इतकं टाकून बोलत जाऊ नका. थोरातांकडून थोडं शिका.

त्या दिवशी साने सिस्टर दुसऱ्यांदा रडल्या, आणि या खेपेला कांदा नव्हता. मेट्रनचा गैरसमज आम्ही दुसऱ्या दिवशी दूर केला. पुराव्यादाखल एक कांदा सोबत नेला होता.

*

पुरुषांचा वॉर्ड कशावर हसत होता, तर गेनूतात्यांवर.

गेनूतात्या चिखलीचे. चिंचा पाडायला झाडावर चढले आणि चिंचांच्या आधी स्वतःच खाली आले. मांडीचं हाड मोडलं. तेव्हा अशा पेशंटचा पाय वजनं लावून टांगून ठेवायचे आणि महिनोन्‌महिने पेशंट जागचा हलायचा नाही. थोरात सिस्टर रोज सकाळी एखादा पाठ घ्यायच्या तो तात्यांच्या खाटेपाशी उभ्या राहून. टांगलेल्या पायाची बोटं दाखवून विचारायच्या, रंग बघितला? गार आहेत का? हलवता येतात का? मग पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, मग जेवण. आम्ही विसरायचो, पण तात्यांना दुसरं काम काय होतं? त्यांना सगळं पाठ! आमच्यातलं कुणी चुकलं की तात्या च्यक् च्यक् करायचे.

एकदा डॉक्टर राउंडला आले आणि माझ्यापाशी थांबले. टायफॉइडच्या पेशंटकडे नर्सने सगळ्यात आधी कशाकडे लक्ष द्यावं, असं त्यांनी विचारलं. माझं डोकं एकदम कोरं झालं. तेवढ्यात मागून हलक्या आवाजात देवदूत बोलला, "पायाची बोटं. रंग बघायचा."

मी छातीठोकपणे म्हटलं, "पायाच्या बोटांचा रंग, सर."

डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, टायफॉइडमध्ये?  तात्यांना ते सहन झालं नाही. "व्हय. सिस्टरनी सवता शिकवलंय," ते उशीवरून मान उचलून म्हणाले, "माजी रोज बघत्यात की."

डॉक्टर हसत हसत पुढच्या खाटेवर गेले. मला वाटलं, आज माझं काही खरं नाही. थोरात सिस्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे, आणि म्हणाल्या की आधी प्रश्न पूर्ण ऐकायचा आणि मग उत्तर द्यायचं, आणि हे दोघांनाही सांगते आहे. दुसऱ्या दिवसापासून पाठ टायफॉइडच्या पेशंटच्या खाटेपाशी सुरू झाला. चार दिवसांत गेनूतात्यांनी डॉक्टरांकडे रीतसर तक्रार केली, की पायाचं सोडा, पण माझी शिकवणी बुडतेय. शेवटी त्यांची खाट वॉर्डाच्या मधोमध आणावी लागली.

*

इंदूला एकदा नियम कळला की ती तो सोडायची नाही. थोरात सिस्टरांनी शिकवलं, जे शरीराच्या आत जातं ते आधी उकळायचं. पिचकारी उकळायची, सुया उकळायच्या. इंदूने विचार केला की थर्मामीटरही तोंडात जातो. मग तो नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून का ठेवतात? अंगचुकारपणा सगळा! तिने वॉर्डातले यच्चयावत थर्मामीटर गोळा केले आणि खळखळत्या पाण्यात सोडले.

आवाज फार मोठा नव्हता. टिक, टिक, टिक. मी धावत गेले तेव्हा भांड्याच्या तळाशी पारा इकडून तिकडे पळत होता आणि इंदू झाऱ्याने तो धरायला बघत होती.

इंदूने स्वतःच जाऊन सिस्टरांना सांगितलं. रडतच सांगितलं, की आता मला काढून टाकतील, आत्या टपूनच बसलीय. सिस्टरांनी भांड्यात डोकावून पाहिलं. "नियम बरोबर लावलास," त्या म्हणाल्या, "वस्तू चुकली." एवढंच! त्यांच्या खिशात त्यांचा स्वतःचा एक थर्मामीटर होता, तो तेवढा वाचला होता. पुण्याहून नवे येईपर्यंत इंदूने काय करायचं, तर प्रत्येक पेशंटच्या कपाळावर हात ठेवून ताप किती ते सांगायचं. मग सिस्टर आपला थर्मामीटर लावून बघणार.

पहिल्या दिवशी इंदूच्या मते सगळ्या वॉर्डाला ताप होता. ज्याच्या कपाळाला हात लावावा तो 'गरम हाय'. दुसऱ्या दिवशी कळलं, की आपलेच हात गार आहेत, आधी ते चोळून घ्यावे लागतात. हळूहळू तिचा अंदाज जमू लागला. मग पेशंट पैजा लावायला लागले. इंदूने आकडा सांगायचा, सिस्टरांनी थर्मामीटर उजेडाला धरायचा आणि सगळ्या वॉर्डाने श्वास रोखायचा. गेनूतात्या निकाल जाहीर करायचे.

नवे थर्मामीटर आले, पण इंदूच्या हाताची सवय जाईना. दिसलं कपाळ की ठेव हात. एकदा डॉक्टर वाकून पेशंटची छाती तपासत होते, इंदू शेजारी. तिने नकळत त्यांच्याच कपाळावर हात ठेवला. आम्हाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इंदू म्हणाली, "सर, तुमाला ताप हाय." डॉक्टर म्हणाले, ऊन आहे बाहेर, दुसरं काही नाही, आणि चिडून निघून गेले.

संध्याकाळी डॉक्टर हुडहुडी भरून आमच्याच वॉर्डात येऊन पडले. मलेरिया! अंगावर तीन ब्लँकेटं घेऊन त्यांनी थोरात सिस्टरांना विचारलं, ही मुलगी असा ताप ओळखायला शिकली कशी?

"थर्मामीटर फोडून," सिस्टर म्हणाल्या.

*

मुंबईच्या बाई यायची तारीख कळली तशी मेट्रनने आम्हा आठही जणींना आपल्या खोलीत चहाला बोलावलं. चहा, बिस्किटं आणि तपासणी! म्हणाल्या, की आज मनमोकळं बोलायचं, सिस्टरांबद्दल जे असेल ते सांगायचं.

सगळ्यात आवडती सिस्टर कोण? आठही तोंडांतून एकच नाव निघालं, साने सिस्टर. मेट्रन खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, की त्यांच्या वॉर्डात तुम्ही पेशंटचं स्वतःच्या हाताने काय काय केलंत? आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. खरं सांगायचं तर साने सिस्टर आम्हाला काही करूच द्यायच्या नाहीत. बँडेज हातात घेतलं की 'राहू दे बाळ, तू दमलीस,' आणि त्यांनी ते गुंडाळूनही टाकलेलं असायचं. शेवटी मी म्हटलं, "ट्रे धरला." बाकीच्या म्हणाल्या, हो, ट्रे धरला. ट्रे धरण्यात आम्ही अगदी पदवीधर झालो होतो!

आणि थोरात सिस्टरांकडे? तिथे मात्र यादी संपेना. अंघोळ घातली, जखम धुतली, इंजेक्शनं दिली. मेट्रनचा चेहरा परत खुलला. त्यांनी उठता उठता सहज विचारलं, "थोरातांबद्दल काही तक्रार?" आम्ही माना हलवल्या. आणि इंदू म्हणाली, "एकच हाय. आमी सुई हातात घेतली का त्या पाठ फिरवत्यात आन् खिडकीतनं भाईर बघत बसत्यात."

मेट्रन पुन्हा खाली बसल्या.

गोष्ट खरी होती. नवखी मुलगी सुई टोचणार, नेमक्या त्याच क्षणी थोरात सिस्टर खिडकीशी जाऊन रस्ता बघत उभ्या राहायच्या. आम्हाला वाटायचं, कंटाळल्या असतील बिचाऱ्या. पण तपासणीला येणाऱ्या बाईंचा पहिला नियमच तो होता. विद्यार्थिनी इंजेक्शन देताना सिस्टरने शेजारी उभं राहून हातावर नजर ठेवली पाहिजे. नाही ठेवली, तर त्या हॉस्पिटलात शिकवत नाहीत असं समजायचं.

बाहेर आल्यावर मी इंदूला चांगला चिमटा काढला. ती दंड चोळत म्हणाली, "त्यांनी खरं सांगा म्हनलं, मग खोटं कशी बोलू?" आणि मग तिला उमगलं, की आपण काय बोलून बसलो. दोन दिवस तिने धड जेवण केलं नाही. सारखी एकच गोष्ट म्हणायची, की वर्ग मी माझ्याच तोंडानं बंद पाडला. मला त्या चिमट्याचं फार वाईट वाटलं.

मेट्रनने थोरात सिस्टरांना बोलावून अगदी हात जोडून सांगितलं, म्हणे, की त्या एका दिवशी तरी पाठ फिरवू नका. सिस्टर "बरं" असंही म्हणाल्या नाहीत आणि "नाही" असंही म्हणाल्या नाहीत.

*

तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही पडदे लावत होतो तर रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली बैलगाडी उभी दिसली. गाडीत गादी घातलेली आणि गादीवर आत्या! शाळेचा आज निकाल लागणार हे तिला कुठूनतरी कळलं होतं. इंदूची ट्रंक ठेवायला तिने जागा करून ठेवली होती. हिरव्या बांगड्यासुद्धा आणल्या होत्या. इंदूने खिडकीतून एकदा ते पाहिलं आणि पडदा ओढायचा राहूनच गेला.

मुंबईच्या बाई बुटक्या, जाड चष्म्याच्या. चहा नको म्हणाल्या, खुर्ची नको म्हणाल्या. आधी बायकांच्या वॉर्डात गेल्या. तिथे एका मुलीने पेशंटच्या हाताला बँडेज बांधलं. साने सिस्टरांनी आपले दोन्ही हात ॲप्रनच्या खिशांत कोंडून ठेवले होते. मुलीचा एक वेढा सैल गेला, खिशातले हात वळवळताना आम्हाला दिसले, पण बाहेर नाही आले. मुलीने स्वतःच वेढा सोडला आणि परत घातला. बाईंनी मान हलवली. साने सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं पोतं तर कधीच संपलं होतं.

मग पुरुषांचा वॉर्ड. गेनूतात्यांचा पाय आता प्लॅस्टरमध्ये होता, पण पडून पडून छातीत कफ धरला होता, म्हणून पेनिसिलीन सुरू होतं. इंजेक्शनची वेळ झालेली. बाईंनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि इंदूकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "ही देईल."

ट्रे अर्थातच मी धरला. इंदूने औषध भरलं, हवा काढली, तात्यांच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. सगळं बरोबर चाललं होतं, पण सुई हातात धरून ती थांबली. तिने मान वर करून थोरात सिस्टरांकडे पाहिलं. नुसतीच बघत राहिली.

आणि सिस्टर वळल्या, खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मेट्रनने डोळे मिटून घेतले. 

"सिस्टर," बाईंचा आवाज करकरीत होता, "तुम्ही या मुलीच्या शेजारी असायला हवं. पाठ काय फिरवता?"

सिस्टर वळल्या नाहीत. "मी समोर असले की ती माझ्या तोंडाकडे बघते, बाई," त्या म्हणाल्या. "मग पेशंटकडे कुणी बघायचं?"

"आणि चुकली तर?"

"चुकेल असं वाटलं असतं तर मी तिच्या हातात सुई दिली नसती."

 इंदूने मान खाली घातली आणि गेनूतात्यांच्या दंडाकडे पाहिलं. दंडाची कातडी तिने दोन बोटांनी ताणून धरली. मुंबईच्या बाई काही क्षण तिच्याकडे पाहत राहिल्या. मग चष्मा नीट केला, टकटक करत खिडकीशी गेल्या आणि त्याही आमच्याकडे पाठ करून सिस्टरांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

दोघी रस्ता बघत होत्या. आम्हाला त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"ती गाडी कुणाची?" बाईंनी विचारलं.

"या मुलीच्या आत्याची. वर्ग बंद झाला तर तिला आजच घेऊन जाणार आहेत, लग्नाला."

"कधीपासून थांबल्यात?"

"सकाळपासून."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "निघायला सांगा त्यांना. ऊन वाढायच्या आत, रिकामी गाडी घेऊन."

सिस्टरांनी मान डोलावली. दोघी तशाच उभ्या, बाहेर बघत.

मागून गेनूतात्या म्हणाले, "बायांनो, कवाच टोचून झालं. वळा आता."